तलवार कुणाची, हे शेवटी विचारा

शस्त्रदालनात शोकेससमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ही कुणाची?" पाटीवर मोठं नाव असेल तर फोटो, नसेल तर पुढची शोकेस. ठाण्यात आणि नवी मुंबईत शिवजयंतीच्या सुमारास सभागृहांत, व्यायामशाळांत शस्त्रप्रदर्शनं भरतात, तिथेही हेच. लाल कापडावर तीस-चाळीस तलवारी मांडलेल्या असतात आणि गर्दी मात्र नावाची चिठ्ठी असलेल्या एकाच तलवारीभोवती. खरं तर नाव ही तलवारीबद्दलची सगळ्यांत कच्ची माहिती. ते चिठ्ठीवर असतं, लोखंडावर क्वचितच. लोखंडावर जे आहे ते आधी वाचता आलं, तर चिठ्ठीवर किती भरवसा ठेवायचा हेही बऱ्याचदा कळतं.

वाचायला सुरुवात करायची ती मूठ आणि पातं जिथे भेटतात तिथून. टोकापासून नाही, नक्षीपासून तर नाहीच.

आपल्याकडच्या नेहमीच्या वाकड्या तलवारीची मूठ लोखंडी आणि आतून पोकळ असते. बहुतेक वेळा दोन अर्धी घडवून डाक देऊन जोडलेली. पात्याच्या मागच्या अंगाला काही बोटं लांबीची निमुळती दांडी असते. मुठीच्या पोकळीत लाख, राळ आणि विटेची पूड यांचं गरम मिश्रण भरायचं, दांडी तापवून त्यात दाबायची, पातं सरळ बसलं का ते डोळ्यासमोर धरून बघायचं आणि थंड होऊ द्यायचं. बस्स. आरपार खिळा नाही, की दांडी मुठीतून पार नेऊन मागे ठोकलेली नाही. युरोपातल्या बहुतेक तलवारींत ती तशी ठोकतात. विटेची पूड घालतात ती उगाच नाही. नुसती लाख थंड होताना आकसते आणि तडकते, पूड मिसळली की आकसणं कमी होतं आणि मिश्रण टणक राहतं.

या जोडणीचे दोन परिणाम प्रत्येक शोकेसमध्ये दिसतात. पहिला, जुनी लाख वाळून भुगा झाली की पातं मुठीत खिळखिळं होतं, एका बाजूला कलतं. शोकेसमध्ये तलवार बाजूने बघा. पात्याची रेष आणि मुठीची रेष एकमेकींना धरून आहेत की मध्येच मोडल्यासारख्या वाटतात? मुठीतून पात्यावर दोन्ही बाजूंना जिभेसारख्या दोन पट्ट्या उतरलेल्या असतात. त्या पट्टीच्या आणि पात्याच्या मधल्या फटीत तपकिरी-काळं काहीतरी दिसलं तर ती लाख. फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला बंद असेल तर पातं सरकलेलं आहे, किंवा ते मुळात या मुठीचं नाहीच.

दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. मूठ बदलणं हे शिकलगाराचं, म्हणजे शस्त्रं पाजळणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं, अर्ध्या दिवसाचं काम. मूठ तापवली, लाख पातळ झाली, पातं ओढून काढलं, दुसरं बसवलं. चांगलं पातं तीन पिढ्या टिकतं, मूठ मात्र हौसेप्रमाणे बदलते. म्हणून पातं सतराव्या शतकातलं आणि मूठ एकोणिसाव्या शतकातली, हा जोडा संग्रहालयात रोजचाच. ही काही फसवणूक नाही, त्या वस्तूचा तो खरा इतिहास आहे. फसवणूक होते ती पाटीवर एकच शतक लिहिलेलं असतं तेव्हा.

आता मूठ जवळून बघू. हाताशी येणारा मधला फुगीर भाग म्हणजे मूठ, बोटांवरून वळून येणारी पट्टी म्हणजे परज, मागच्या टोकाला पालथ्या बशीसारखी वाटी आणि तिच्यावर कळीसारखा मोगरा. पात्याच्या दोन्ही अंगांना आडवी दांडी निघालेली असते, तिच्या टोकांना बोंडं. आडव्या दांडीपासून वाटीपर्यंतचं अंतर नजरेने मोजा: सात-आठ सेंटिमीटर भरतं. एवढ्याशा जागेत चार बोटं कशीबशी मावतात. "पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते" असं कुणीतरी शेजारी म्हणतंच. त्यावर विश्वास ठेवू नये. तर्जनी आडव्या दांडीवरून पुढे टाकायची असते, म्हणून पात्याचा मुठीलगतचा थोडा भाग बोथटच ठेवतात. आणि वाटी मनगटाच्या मुळाशी टेकते. त्यामुळे मनगट मोकळं झुलवता येत नाही, हात कोपर-खांद्यापासून फिरवावा लागतो आणि घाव ठोकला न जाता ओढला जातो. दिवाळे कोळीवाड्यात विळीवर सुरमई कापताना बघा. मासा पात्यावर दाबत नाहीत, पुढून मागे ओढतात. वाकड्या तलवारीचं काम त्याच जातीचं. ती मूठ हाताला घट्ट बसावी म्हणून लहान आहे.

मुठीवरचं सोनं हा वेगळा धडा. कोफ्तगरीत लोखंडाचा पृष्ठभाग आधी बारीक तिरप्या-उभ्या रेघांनी खरवडून काढतात, त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकतात आणि मग घासून बसवतात. सोनं त्या खरवडीत अडकून राहतं. म्हणून जिथे हाताने झिजून सोनं गेलंय तिथे जाळीसारख्या बारीक रेघा दिसायला हव्यात. तळहात टेकतो तिथे झीज जास्त, परजेच्या आतल्या बाजूला कमी, हे पण जुळलं पाहिजे. झिजलेल्या जागी खाली गुळगुळीत लोखंड असेल आणि रेघा कुठेच नसतील, तर तो मुलामा आहे किंवा रंग. तहनिशान हे याहून खोल काम: त्यात चर कोरून धातू भरतात. बोटाला न लावताही ते कळतं, कारण कडा सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ दिसतात.

पात्याकडे यायच्या आधी फिरंगीचं, म्हणजे युरोपीय पात्याच्या तलवारीचं, बोलायला हवं, कारण आपण राहतो तो मुलूखच तिचा. ठाण्याचा किल्ला, आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो, पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. १७३९ मध्ये वसई पडली. पण फिरंगी पाती त्याच्या खूप आधीपासून पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून आत येत होती. युरोपात घडलेलं सरळ, लांब पातं घ्यायचं, त्याला इथली मूठ चढवायची, झाली फिरंग. पाती जर्मनीतल्या सोलिंगेनची, इटलीतली, स्पेनमधली. सरळ पात्याला नुसती लाख पुरत नाही म्हणून मुठीतून निघालेल्या लांब पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांना रिव्हेट मारून बसवतात. शोकेससमोर ही रिव्हेट मोजा. त्यांच्या शेजारी पात्याला आणखी एखादं बुजवलेलं भोक दिसलं, तर या पात्याची ही पहिली मूठ नव्हे. अशा मुठींच्या वाटीतून मागे एक दांडा निघालेला असतो, तो दुसरा हात लावण्यासाठी.

या पात्यांवर शिक्के असतात: धावता लांडगा, दातेरी चंद्रकोरींची जोडी, 'आंद्रेआ फेरारा', 'जेनोआ' अशी नावं. इथे घाई करू नये. परदेशी पात्याला भाव जास्त म्हटल्यावर शिक्क्याची नक्कल होणारच, आणि ती चारशे वर्षांपूर्वीही होत होती. दातेरी चंद्रकोर तर इथल्या आणि अफगाण लोहारांनी सर्रास उठवली. अक्षरं उलटी पडलेली, एखादं अक्षर गळलेलं किंवा नाव दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या स्पेलिंगने आलेलं असेल, तर उठवणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती असं समजावं.

नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून मिळवली, ती याच फिरंग जातीची. युरोपीय बनावटीचं सरळ एकधारी पातं, सोन्याचं काम केलेली मुल्हेरी नावाच्या घडणीची मूठ आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सेनासाहेबसुभा या पदासह नाव. इथे नाव चिठ्ठीवर नाही, वस्तूवर आहे, म्हणून त्या नावाला वजन. कोल्हापूरहून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला भेट गेलेली आणि आज तिथल्या राजसंग्रहात असलेली 'जगदंबा' तलवार घ्या. तिचंही पातं युरोपीय, त्यावर 'आयएचएस' ही येशूच्या नावाची अक्षरं तीनदा उठवलेली. तलवारीला देवीचं नाव आणि पात्यावर ख्रिस्ताची अक्षरं. त्या काळी यात कुणाला काही खटकलं नसावं. पातं चांगलं असलं की झालं.

सातारच्या संग्रहालयात २०२४ मध्ये लंडनहून उसनी आलेली वाघनखं हे याच्या उलट उदाहरण. त्यांच्या डबीवर शिवाजी महाराजांचं नाव आहे, पण ती डबी साताऱ्याचा रेसिडेंट (कंपनी सरकारचा प्रतिनिधी) जेम्स ग्रँट डफ याच्या काळातली किंवा नंतरची. म्हणजे लेख डबीचा, नखांचा नव्हे. ज्या संग्रहालयाकडे ती आहेत ते स्वतःच सांगतं की अफझलखानावर वापरलेली हीच, हे सिद्ध करता येत नाही. असं स्पष्ट लिहिणारी पाटी दिसली की त्या संग्रहालयाच्या बाकीच्या पाट्यांवरही जरा जास्त विश्वास ठेवावा.

आता पातं. तीन गोष्टी बघायच्या: जाडी, नाळ आणि जौहर, म्हणजे पोलादातली लाटांसारखी नक्षी.

जाडी वरून बघायची, म्हणजे पाठीच्या बाजूने. घडवलेलं पातं मुठीशी सहा-सात मिलिमीटर जाड आणि टोकाकडे दोन-तीन मिलिमीटरपर्यंत उतरत गेलेलं असतं. लोहाराने हे मुद्दाम केलेलं असतं. टोक हलकं नसेल तर हात फिरत नाही. राजस्थानातून येणाऱ्या शोभेच्या तलवारी पत्र्यातून किंवा ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून कापलेल्या असतात, त्यांची जाडी मुठीपासून टोकापर्यंत एकच. प्रदर्शनातल्या टेबलावरची 'चारशे वर्षांची' तलवार या एका नजरेत पडते. मुठीवर साच्याची उभी शिवण आणि पितळी-जस्ती चकाकी दिसली तर पुढचं बघायचीही गरज नाही.

जाडीवरून वजनाचं. खऱ्या वापरातल्या तलवारीचं वजन पाऊण ते सव्वा किलो. मोठी फिरंग असली तर त्याहून थोडं जास्त. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या वीस-तीस किलोच्या तलवारी कुणी घडवल्याच असतील तर मिरवायला किंवा देवळात टांगायला. शत्रूसमोर अर्ध्या मिनिटात ज्याचा हात खाली येईल तो तलवार चालवत नाही, वाहतो.

नाळ म्हणजे पात्याच्या अंगावरचा लांब चर. त्याला 'रक्त वाहून जाण्यासाठी' म्हणणारे गाईड अजून सापडतात. नाळ काढल्याने पात्याचं वजन घटतं, ताठपणा फारसा घटत नाही. इतकंच तिचं काम. नाळ कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते मात्र नीट बघावं. एखाद्या कट्यारीच्या पात्यावर नाळ मधोमध नसून एका बाजूला सरकलेली दिसते, किंवा टोकाशी पोचायच्या आत धारेने अचानक कापली जाते. ती कट्यार मुळात कट्यार नव्हती. मोडक्या फिरंगी तलवारीचं पातं कापून तिला घातलंय. असं खूप होत असे. चांगलं पोलाद कोण टाकून देणार? उलट, कट्यारीसाठीच घडवलेल्या पात्याचं टोक बाकीच्या पात्यापेक्षा जाड असतं, चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी.

जौहर हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात कमी बघितला जाणारा भाग. दख्खन आणि दक्षिणेत, आजच्या तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्यातलं प्रसिद्ध गाव, लोखंड कोळशासह बंद मातीच्या मुशीत वितळवून सावकाश थंड करत. त्यातून निघणाऱ्या लहान गोळ्यांत कार्बन साधारण दीड टक्क्याच्या आसपास. हे पोलाद मंद लाल तापातच ठोकावं लागतं. जास्त तापवलं तर भुगा होतो आणि नक्षीही जाते. ठोकत ठोकत त्यात कार्बनयुक्त कठीण कणांच्या रांगा तयार होतात, त्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अल्पशा अंशामुळे. हिराकसाच्या (लोखंडाच्या हिरव्या क्षाराच्या) द्रावणाने पातं धुतलं की त्या रांगा पाण्यावरच्या लाटांसारख्या उमटतात. मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट याने हे पोलाद इंग्लंडला पाठवलं, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध मांडला. पुढे मायकेल फॅरडेनेही त्यावर डोकं खपवलं. इंग्रजांनी त्याला 'वूट्झ' म्हटलं. आपल्या लोहारांची भाषा सरळ होती: पातं 'पाणीदार'.

जौहर समोरून दिसत नाही. दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर घसरेल अशा तिरप्या कोनात उभं राहावं आणि डोकं हळूहळू हलवावं. एका जागी राखाडी दिसणारं पातं अचानक लाटांनी भरून जातं. खऱ्या जौहराचं चिन्ह म्हणजे तो नाळेत आणि धारेजवळ बदलतो: दाट होतो, वळतो, ताणला जातो, कारण ते पोलादाचं अंग आहे आणि लोहाराने तिथे घण मारलेत. आम्लाने वर-वर काढलेली नक्कल मात्र साडीच्या काठासारखी सारख्या अंतराने परतून येते आणि नाळेतही तशीच सरळ जाते. जौहर दिसत नाही म्हणजे नाहीच असंही नव्हे. गेल्या शंभर वर्षांत किती पाती बफ मारून आरशासारखी 'साफ' केली गेली याला गणती नाही. चकाकीच्या खाली जौहर झोपलेला असतो, पण तो उठवायचा तर हिराकस लावणारा जाणकारच हवा.

बाकीच्या वस्तूंसाठी थोडक्यात. दांडपट्टा, जो २०२४ पासून महाराष्ट्राचं राज्यशस्त्र आहे, बाहेरून नाही, आतून बघावा. कोपरापर्यंत येणाऱ्या खोबणीच्या आत आडवी मूठ आहे का, अस्तराचा एखादा तुकडा शिल्लक आहे का, मनगटामागे हात बांधायची पट्टी कुठे होती. शोकेस उंच असेल आणि पट्टा पालथा मांडला असेल तर यातलं काहीच दिसत नाही, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी तो पालथाच मांडतात. चिलखताच्या कड्या एकदम जवळून बघाव्यात: प्रत्येक कडीच्या सांध्यावर रिव्हेटचं बारीक टोक असेल तर ते लढाईचं, टोकं नुसती एकमेकांना भिडवलेली असतील तर ते बहुधा मिरवणुकीचं आणि उशिराचं. गेंड्याच्या कातडीच्या ढालीवर चार फुलं असतात ती शोभेची नव्हेत. मागची मूठ आणि गादी धरणाऱ्या कड्यांची रिव्हेट त्यांच्याखाली झाकलेली असतात. ढालीची मागची बाजू दाखवणारं संग्रहालय म्हणजे समजून मांडणी केलेलं. तोडेदार बंदुकीत तोडा (जळती वात) धरणारा साप, म्हणजे वाकडा आकडा, आणि नळीच्या बाजूची रंजकेची (पेटवायच्या दारूची) वाटी एवढं सापडलं तरी पुरे. चकमकीच्या बंदुका आल्यावरही तोडेदार इतकी वर्षं का टिकली ते त्या सापाच्या साधेपणात दिसतं. एक चाप, एक खीळ, गावचा लोहार दुरुस्त करतो.

जवळचं आणि मांडणीच्या दृष्टीने सर्वांत सोयीचं शस्त्रदालन म्हणजे मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. जॉर्ज विटेटने आखलेली ती इमारत, १९०५ ची पायाभरणी, १९२२ मध्ये लोकांसाठी खुली. ठाण्याहून फास्ट लोकल, वाशी-नेरूळ-बेलापूरहून हार्बर, दोन्ही सीएसएमटीलाच. तिथून हुतात्मा चौकावरून काळा घोडा, चालत वीस-पंचवीस मिनिटं. रविवार टाळावा. मेगाब्लॉक एका बाजूला आणि दालनातली पोरं दुसऱ्या बाजूला, दोन्हींत वेळ जातो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दरवाजे उघडताना पोचलात तर शस्त्रदालनात तासभर कुणी ढकलत नाही. अकबराच्या नावाचा छातीवरचा पत्रा आणि ढाल तिथे आहेत. पत्र्यावर धार्मिक वचनं कोरलेली आहेत. नक्षी बघून झाली की चामडी पट्टे अडकवायच्या कड्या कुठे आहेत ते शोधा.

सोबत काळा किंवा गडद शर्ट घालून जा. पांढरा शर्ट काचेत दिसतो आणि पातं दिसत नाही. हाताची ओंजळ करून काचेला टेकवली की प्रतिबिंब मरतं. पक्षी बघायची लहान दुर्बीण, दीड-दोन मीटरवर फोकस होणारी असेल तर, शोकेसच्या मागच्या भिंतीला टांगलेल्या पात्यांवरचे शिक्के वाचायला तिच्यासारखं काही नाही. फ्लॅश नको, आणि मोबाइलचा टॉर्च तर नकोच: काचेवर पांढरा ठिपका पडतो, बाकी काही नाही. एका फेरीत सहा वस्तू ठरवून घ्या. चाळीस बघितल्या तर घरी येईपर्यंत सगळ्यांची मिळून एकच तलवार होते.

शोकेसच्या कोपऱ्यात छोटं आर्द्रतामापक दिसतं. त्याकडे बघायची सवय लावा. लोखंड साठ टक्क्यांच्या वर भराभर गंजतं आणि ठाण्याच्या पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस ऐंशीच्या वर असते. खाडीकडची हवा खारट, ते वेगळंच. म्हणूनच शहाणी संग्रहालयं तलवार म्यानात ठेवत नाहीत, शेजारी ठेवतात. म्यानाचं लाकूड आणि कातडं ओल धरून ठेवतं, कातडी कमावताना वापरलेले पदार्थ आणि आतला सरस लोखंडाला खातात. मुठीपासून तीन-चार बोटांवर, म्यानाचं तोंड जिथे येतं तिथे, पात्यावर गंजाचा आडवा पट्टा दिसला की ही तलवार वर्षानुवर्षं म्यानात झोपली होती हे समजायचं.

सभागृहातल्या प्रदर्शनांत सगळ्यात मोठं नुकसान होतं ते फोटोसाठी पातं हातात घेण्याने. बोटांच्या घामातलं मीठ लोखंडावर बसतं आणि दोन-तीन आठवड्यांत बोटाच्या ठशाच्या आकाराचा गंज उमटतो. रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. जौहरदार पात्यावर हा डाग घासून काढला की तिथला जौहरही जातो. आयोजकांनी मुठीला धरू द्यायचं असेल तर सुती हातमोजे ठेवावेत आणि दिवस संपला की प्रत्येक पातं पुसून घ्यावं. ते करत नसतील तर बघणाऱ्याने तरी हात मागे ठेवावेत.

ज्यांच्या घरी एखादी तलवार आहे त्यांच्यासाठी हा मुद्दा खंडेनवमीला येतो. ओल्या हळद-कुंकवाचं बोट पात्यावर, वर झेंडूचं फूल, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं तसंच. फुलाच्या देठाशी काळा डाग पडतो, कुंकवाखाली लालसर, आणि पुढच्या वर्षी ते डाग खड्डे झालेले असतात. पूजा करा, पण गंध-फूल मुठीला वाहा किंवा पात्याखालच्या पाटाला, आणि संध्याकाळीच कोरड्या मऊ सुती फडक्याने पुसून शिवणयंत्राचं पातळ तेल अगदी पुसट फिरवा. खोबरेल किंवा तूप नको: काही महिन्यांत ते चिकट होतं, खवट होतं आणि खाली गंज धरतो. चिंच, लिंबू, पितळ घासायची पूड, काचकागद, यांपैकी काहीही नको. साधा लाल गंज असेल तर तेलात दोन दिवस भिजवून तांब्याच्या पट्टीच्या कडेने हळूहळू खरवडावा. तांबं पोलादाहून मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. काळा घट्ट थर मात्र तसाच राहू द्यावा, त्याने पुढचा गंज अडतो. मूठ हलत असेल तर घरी फेव्हिकॉल किंवा अ‍ॅराल्डाइट ओतू नये. लाख पुन्हा तापवून काढता येते, अ‍ॅराल्डाइट काढायला गेलं की मूठच फुटते.

कायद्याचंही बघून घ्या. शस्त्र कायद्यात तलवारी येतात, आणि परवाना लागतो की नाही हे भागानुसार ठरतं, त्यामुळे वाड्यातून फ्लॅटमध्ये तलवार हलवण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारून घ्यावं. शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरू शकते आणि देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून सुटकेसमध्ये घालून द्यायचा विचार असेल तर सोडून द्या. वाटणीत ती कुणाकडे गेली, कधी गेली, आधी कुठे टांगलेली होती, हे एका कागदावर लिहून तारखेसह तिच्यासोबत ठेवा. पण तो कागद म्यानात घालू नका, ओल धरतो.